मुद्देमाल क्रमांक एक, जिवंत

पंचनाम्यात लिहिलं मी :
घाटकोपर पूर्व, लॉज, खोली दोनशे सात,
पलंगाखाली निळी जिमची बॅग,
बॅगेत उशीचा अभ्रा,
अभ्र्यात मांडूळ, नग एक.
'नग' खोडलं. 'एक' राहू दिलं.

पहिला पंच अंबादास गुरव, लॉजचा वॉचमन,
त्याने दोन हात लांबून सही केली.
दुसरा नौशाद, समोरचा चहावाला, तो वाकून बघत म्हणाला,
मॅडम, तोंड कुठलं ते तरी ठरवा,
दोन्हीकडून सारखंच दिसतंय.

म्हटलं, थांब.
ज्या टोकाला जीभ येईल ते तोंड.

थांबलो सगळे. पंखा कुरकुरत होता,
आरोपीच्या खिशातला फोन वाजून वाजून बंद झाला.
मग आली जीभ, काळसर, दुभंगलेली,
हवेत जरा चाचपून आत गेली.
आणि दुसऱ्या टोकावर दिसले
दोन भाजलेले ठिपके, तापल्या तारेचे :
गिऱ्हाइकाला तोंडं मोजून देता यावीत म्हणून काढलेले डोळे.

वजन एक किलो चारशे दहा.
खवले गुळगुळीत, शेपूट बोथट, बाहुली उभी.
विष नाही. धनही नाही.
आरोपीला नाव दोनदा विचारलं,
दोनदा वेगळं आलं.
दोन्ही लिहिली.

बहात्तरचा कायदा मी परीक्षेसाठी घोकलेला :
पकडणं, बाळगणं, विकणं, मारणं.
आमच्या माणच्या शिवारात
नांगरासमोर हे आलं की वडील फाळ उचलून धरायचे,
बैल उभे राहायचे
ते बांधाखाली जाईपर्यंत.
वडिलांना कलम ठाऊक नव्हतं.
बैलांनाही नव्हतं.

आता ते इथे, मुलुंडच्या चौकीत,
कपाटाशेजारी निळ्या टपात.
रोपवाटिकेतली माती दिली, काळी, ओलसर.
तिच्यावर नुसतं पडून राहिलं,
पाहुण्यांच्या घरी गादीच्या कडेला बसावं तसं.
शेवटी मेट्रोच्या कामावरून कोरडी वाळू मागितली, दोन घमेली.
मुकादम म्हणाला, कशाला हो?
म्हटलं, साक्षीदाराला झोपायला.
ओतली, आणि मिनिटभरात
टपात फक्त वाळू.

मधे मधे फोन येतात.
मॅडम, जिन्यात मण्यार आहे.
विचारते, पट्टे कुठून सुरू होतात?
मानेपासून? शेपटीकडे पुसट होत जातात?
मग कवड्या आहे, पाली खायला आलाय, हात लावू नका,
दार लावून घ्या, मी निघते.
पलीकडे शांतता.
मग खालच्या आवाजात : ते... मारला ना आत्ताच.
गाडीची किल्ली परत खिळ्याला.
भिंतीवर पाल चुकचुकते.
तिच्यासाठी कोणी पंच बोलावत नाही.

कोर्टाचं पत्र आलंय. मुद्देमाल मूळ अधिवासात सोडावा.
मूळ अधिवास : पुढे दोन बोटांची मोकळी जागा.
मुंबईच्या या ओल्या डोंगरात सोडणं म्हणजे
सोडणं नाही, टाकणं.
अभ्र्याच्या शिवणीत चिमूटभर माती निघाली होती,
करडी, चुनखडीची.
बोटांत चुरली. ओळखीची वाटली.
पण वाटणं हा पुरावा नव्हे,
साहेब म्हणाले, बरोबरच म्हणाले.
चिमूट कागदात बांधून, लाख लावून
तपासणीला पाठवली.
आईला फोनवर म्हटलं, टेबलाचं काम आहे, सावलीतलं.

तोवर रोज सकाळी दहाला
नोंदवहीत लिहावं लागतं : मुद्देमाल हजर.
त्यासाठी बघावं लागतं.
बघण्यासाठी उकरावं लागतं.
बाह्या वर करून वाळूत हात घालते,
वर कोरडी, तळाशी गार,
आणि कुठलं तरी एक टोक बोटांना लागतं.

तसाच धरून थांबते,
जीभ येईपर्यंत.